पेटीतले मूल आणि दाराबाहेरची आई

मागच्या ऊसतोडणीच्या हंगामात एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आजारी सोबत्याला भेटायला गेलो असता जिन्याच्या पायरीवर बसलेली एक तरुण बाई दिसली. हातात स्टीलची वाटी, पदराने झाकलेली. तीत स्वतःचे दूध काढून ती नवजात बालकांच्या कक्षाचे दार उघडण्याची वाट पाहत होती. मूल सात दिवसांचे, वजन दीड किलोच्या आसपास. “बाळ कसं आहे?” असे विचारले तेव्हा ती म्हणाली, “पेटीत हाय.” त्यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हते. सात दिवसांत तिने मूल दोनदा पाहिले होते, तेही काचेआडून. नवरा फडावर परतला होता. कोयता बंद राहिला की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. दारावर पाटी होती : आत येण्यास सक्त मनाई आहे.

त्याच इमारतीत, दोन दारे सोडून, मोठ्या मुलांचा कक्ष होता. तिथे मनाई कसलीच नव्हती. एकेका खाटेवर दोन दोन मुले आणि त्यांच्या आया. सलाईनची बाटली संपत आली की परिचारिकेला हाक मारायची ती आईने, तापलेले अंग ओल्या फडक्याने पुसायचे ते आईने, रक्ताची नळी तपासणीला नेऊन द्यायची, कागद घेऊन परत यायचे, बाहेरच्या दुकानातून औषध आणायचे तेही आईने किंवा आजीने. एका दारात आईला मज्जाव, दुसऱ्या दारात तिच्यावर वेठ. दोन्ही दारांत एक गोष्ट मात्र समान होती. मुलाविषयी तिला कोणी काही विचारत नव्हते आणि कोणी काही सांगतही नव्हते.

‘कुटुंबकेंद्री परिचर्या’ हा शब्द अलीकडे सरकारी कागदांतून आणि परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांतून बराच दिसू लागला आहे. आपल्या चळवळीतील पुष्कळ साथींना तो वरवरचा, सुखवस्तू रुग्णालयांच्या जाहिरातीतला वाटतो. माझे मत तसे नाही. हा प्रश्न आपला आहे. आपण तो हाती घेतला नाही तर उद्या त्याचा उपयोग आपल्याच माणसांविरुद्ध होईल.

प्रथम तपासणीविषयी, कारण परिचर्येचे सारे त्यावर उभे असते. मुलाची तपासणी ही मोठ्या माणसाच्या तपासणीची लहान आवृत्ती नव्हे. मूल आपले दुखणे सांगत नाही आणि अनोळखी हात लागताच रडू लागते. म्हणून जाणती परिचारिका मुलाला हात लावण्याआधी ते आईच्या मांडीवर असताना दुरून त्याच्याकडे पाहते. ते भोवताली लक्ष देते का, अंगाचा रंग कसा आहे, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का, हे पाहते. मग श्वास मोजते, तोही घड्याळ लावून पुरे एक मिनिट आणि मूल शांत असतानाच, कारण रडणाऱ्या मुलाचा श्वास मोजून काहीच कळत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक झाला की गंभीर जंतुसंसर्गाची किंवा न्यूमोनियाची शंका घ्यायची असते. छातीला नळी त्यानंतर लावायची. घसा आणि कान सर्वांत शेवटी, कारण त्यानंतर मूल कोणालाच जवळ येऊ देत नाही. हा सारा क्रम आईच्या मांडीवर पार पडतो. आईला बाहेर काढले की मूल रडते, आणि मूल रडले की मोजमाप चुकते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बालरोगांच्या एकत्रित उपचारांची जी पद्धत घालून दिली आणि जी आपल्या देशानेही आपल्या गरजेप्रमाणे स्वीकारली, तीत पाच वर्षांखालील मुलाच्या धोक्याच्या खुणा चार सांगितल्या आहेत. मूल पाणी किंवा अंगावरचे दूध पिऊ शकत नाही; पोटात जाईल ते सारे ओकते; त्याला झटके आले आहेत; ते मलूल किंवा बेशुद्ध आहे. यांतील पहिल्या तीन खुणांचे उत्तर बहुधा आईपाशीच असते. घरी झटका आला तेव्हा तिथे ना डॉक्टर होता ना यंत्र. आपल्या आयाबायांच्या बोलण्यात तर ही तपासणी पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. ‘अंगावर घेत नाही’, ‘पोट उडतंय’, ‘टाळू बसलीय’, ‘रडणं बारीक झालंय’ ही वाक्ये म्हणजे अडाणी बायकांची कुरकूर नव्हे. त्यांतले प्रत्येक वाक्य रोगाचे लक्षण सांगते. टाळू बसणे हे अंगातले पाणी कमी झाल्याचे चिन्ह आहे आणि ते आईच्या बोटांना तेल लावताना कळते. केसपेपरवर या वाक्यांना जागा कुठे असते? तिथे ‘ताप, खोकला, ३ दिवस’ एवढे लिहून ओळ संपते. आणि आईने जास्त बोलायचा प्रयत्न केला तर तिला सांगितले जाते, “बाई, विचारलं तेवढंच सांगा.”

दुखण्याचेही असेच आहे. न बोलणाऱ्या मुलाच्या वेदना मोजण्याची एक पद्धत १९९७ पासून प्रचारात आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत निघणे या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे, बेरीज वाढली की वेदना अधिक. यातली पाचवी बाब पाहा. जवळ घेतल्याने मूल निवते की नाही, हे ठरवायला त्याला जवळ घेणारे कोणी तरी हवे. आई पायरीवर बसली असेल तर तो रकाना भरायचा कसा?

हा धडा शिकायला श्रीमंत देशांनाही वेळ लागला. त्याची हकीकत समाजवाद्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. ब्रिटनमध्ये १९४८ साली मजूर पक्षाच्या सरकारात अन्युरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी केली. रुग्णालये राष्ट्राची झाली, उपचार विनामूल्य झाले. परंतु त्याच रुग्णालयांत मुलांना भेटण्याच्या वेळा इतक्या आखूड होत्या की काही ठिकाणी आठवड्यातून एखादाच तास मिळे. आई येऊन गेली की मुले रडतात, म्हणून ती न आलेलीच बरी, असे डॉक्टर व परिचारिका प्रामाणिकपणे मानीत. जेम्स रॉबर्टसन नावाचा स्कॉटलंडच्या कामगार कुटुंबातला एक गृहस्थ, जो युद्धकाळात अ‍ॅना फ्रॉइड यांच्या बालगृहात पडेल ते काम करीत होता, त्याने हे जवळून पाहिले. लहानशा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट त्याने काढला आणि १९५२ साली तो डॉक्टरांपुढे दाखवला. डॉक्टर संतापले. रॉबर्टसनचे म्हणणे साधे होते. मूल पहिल्यांदा आकांत करते, मग हताश होते, मग आईकडे पाठ फिरवते. या शेवटच्या अवस्थेतल्या मुलाला पाहून कक्षातले लोक म्हणतात, मूल रुळले. म्हणजे ज्याला बरे वाटणे समजले जात होते ते मुळात खचणे होते. इथे चूक केवळ मायेच्या अभावाची नव्हती, तपासणीचीच होती.

१९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला की आईबापांना मुलांपाशी येण्याची वेळेची अट नसावी आणि लहान मुलांच्या आयांना रुग्णालयात राहण्याची सोय करावी. अहवाल स्वीकारला गेला आणि फडताळात गेला. तो बाहेर काढला लंडनच्या बॅटरसी भागातल्या आयांनी. १९६१ साली त्यांनी संघटना बांधली आणि शिफारशींचा एकेका रुग्णालयाकडे पाठपुरावा सुरू केला. साथींनो, यातला मुद्दा आपल्या पठडीला थोडा बोचणारा आहे. रुग्णालय सरकारी असले, फुकट असले, तरी ते लोकांचे होतेच असे नाही. मालकी बदलली तरी दाराची पाटी तशीच राहू शकते.

आता गरीब देशांकडे वळू, कारण पुढचा धडा तिथून आला. कोलंबियाच्या बोगोटा शहरातील एका प्रसूती रुग्णालयात १९७८–७९ च्या सुमारास उबपेट्या पुरत नव्हत्या, परिचारिका पुरत नव्हत्या, एका पेटीत दोन दोन मुले ठेवावी लागत आणि जंतुसंसर्गाने ती दगावत. एडगर रे सानाब्रिया या डॉक्टराने कमी वजनाची बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आईचे अंग हीच ऊब, आईचे दूध हेच अन्न. याला पुढे ‘कांगारू मातृसेवा’ हे नाव पडले. बरीच वर्षे ती गरिबांची तडजोड समजली गेली. मूल आधी पेटीत स्थिर होऊ द्यावे, मग आईपाशी द्यावे, असा नियम होता. तो नियमच चुकीचा असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच रुग्णालयांच्या संशोधनाने दाखवले. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या देशांतील ही रुग्णालये. भारतातले दिल्लीचे सफदरजंग. एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या सुमारे ३,२०० बाळांपैकी निम्म्यांना जन्मल्यापासून, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या वा घरच्या दुसऱ्या बाईच्या छातीशी ठेवले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षाच्या आत नेली. पहिल्या २८ दिवसांत जुन्या पद्धतीत शंभरातली १५.७ बाळे दगावली, नव्या पद्धतीत १२. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस त्याप्रमाणे बदलली.

‘आई आत आली की जंतू आत येतील’ हा आक्षेप आजही पहिल्या वाक्यात येतो. त्याचे उत्तर दिल्लीच्याच दुसऱ्या एका रुग्णालयाने दिले आहे आणि ते रुग्णालय आपल्याला परके नाही. १९६७ च्या ऑक्टोबरात ज्या विलिंग्डन रुग्णालयात डॉ. राममनोहर लोहियांनी शस्त्रक्रियेनंतर अखेरचा श्वास घेतला, त्याचेच नाव पुढे राममनोहर लोहिया रुग्णालय झाले. तिथल्या नवजात विभागाने आईबापांना हात धुणे, बाळ स्वच्छ ठेवणे, नळीने दूध देणे, धोक्याची खूण ओळखणे शिकवले आणि त्यांना कक्षात घेतले. शास्त्रशुद्ध तुलना केली तेव्हा जंतुसंसर्ग वाढला नाही असे दिसले. उलट घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण वाढले. या अनुभवावरून केंद्र सरकारने २०१७ साली ‘कुटुंब सहभागी परिचर्ये’ची मार्गदर्शिका काढली. म्हणजे पायरीवरच्या त्या बाईला आत घेण्याचा सरकारी कागद त्या दिवशीही अस्तित्वात होता. तो त्या दारापर्यंत पोचला नव्हता, एवढेच.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण त्याच रुग्णालयातल्या एका परिसेविकेशी बोललो तेव्हा तिने जे सांगितले ते टाळून पुढे जाता येत नाही. ती म्हणाली, “भाऊ, आयांना आत घ्यायला माझी ना नाही. पण एकेका आईला शिकवायला अर्धा अर्धा तास लागतो. माझ्या मुली रात्रपाळीला दोन असतात. त्या शिकवतील की बाळं सांभाळतील? आणि एकदा आया शिकल्या की वरचे म्हणतील, आता तुम्हाला जादा माणूस कशाला?”

तिची भीती खोटी नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या कक्षातसुद्धा तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असावी. अतिदक्षतेचे माप याहून कडक आहे. हे माप किती ठिकाणी पाळले जाते हे कोणत्याही जिल्हा रुग्णालयात रात्री एक फेरी मारून पाहावे. नवजात कक्षांतल्या परिचारिका पुष्कळ ठिकाणी कंत्राटी, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवरच्या. अशा स्थितीत ‘कुटुंबाचा सहभाग’ याचा अर्थ रिकाम्या पदांची भरपाई आईच्या फुकट श्रमाने करणे असा होणार नाही, याची हमी कोण देणार? मोठ्या मुलांच्या कक्षात तेच तर चालले आहे.

भंडाऱ्याची आठवण इथे काढावीच लागते. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली, सात वाचली. आया आत असत्या तर सारी बाळे वाचली असती, असे विधान मी करणार नाही. धूर आणि आग कोणाला ओळखत नाही. परंतु नंतर काय झाले ते पाहा. काहींचे निलंबन झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली, दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. निष्काळजीपणा झाला असेल तर त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण एका परिचारिकेच्या वाट्याला किती बाळे असावीत हा प्रश्न विचारताना जबाबदारीचे बोट शिडीच्या वरच्या पायरीकडे वळायला हवे होते. ते नेहमीप्रमाणे तळाशी येऊन थांबले.

कुटुंबाला आत घेणारी परिचर्या परिचारिकेचे काम कमी करत नाही. ते वाढवते आणि त्याचा दर्जाही वाढवते. आजवर ती सुई टोचणारी आणि नोंदवही भरणारी होती. आता तिने आईचे ऐकायचे, ते नोंदवायचे, आईला शिकवायचे, तिची भीती ओळखायची आणि डॉक्टरच्या निर्णयात ते सारे मांडायचे. हे काम करणारीला शिकवणाऱ्याचा मान आणि कायम नेमणूक मिळाली पाहिजे. म्हणून आईच्या प्रवेशाची मागणी आणि परिचारिकांच्या पदांची मागणी एकाच निवेदनात, एकमेकींना लागून यायला हवी. एकटी पहिली मागणी सरकार आनंदाने मान्य करील, कारण तिला पैसे लागत नाहीत.

मजुरीचा प्रश्नही आहे. राज्य सरकारच्या सेवेतील स्त्रियांना २०१८ सालापासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि ती योग्यच आहे. कोयता धरणारीला मात्र मूल पेटीत असताना खाडा पडतो. तिच्या पोटात अन्न नसेल तर वाटीत दूध कुठून येणार? कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात मुलासोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. मग ते तत्त्व त्या एका केंद्राच्या उंबरठ्यापाशी का थांबावे? बालरुग्ण कक्षात मुलासोबत राहणाऱ्या प्रत्येक मजूर आईला किंवा बापाला जेवण, झोपायला जागा आणि बुडीत मजुरी मिळाली पाहिजे.

बापाचा उल्लेख मुद्दाम केला. ‘कुटुंब’ म्हटले की आपल्याकडे काम आईवर जाते आणि निर्णय बापाकडे किंवा सासऱ्याकडे राहतो. “आता घरी न्यायचं” असे एखादा वडीलधारा म्हणतो आणि अर्धवट उपचारातून मूल उठवले जाते. मूल मुलगी असेल तर हे अधिक लवकर घडते. कुटुंबकेंद्री परिचर्या म्हणजे कुटुंबप्रमुखापुढे मान तुकवणे नव्हे. अशा वेळी मुलाची बाजू घेऊन उभे राहणे हेही परिचारिकेचे काम आहे, आणि तिच्या पाठीशी उभे राहणे हे आपले. बापाच्या छातीलाही ऊब असते. त्यानेही बाळ बांधून तीन तास बसावे. आपल्या काही कार्यकर्त्यांना हे वाचून हसू येईल, पण त्यांनी आधी करून पाहावे.

मूल घरी गेल्यावर काय होते, हे आपल्या महाराष्ट्रानेच जगाला शिकवले आहे. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळ तपासायला शिकवले. वजन करणे, ताप मोजणे, श्वास मोजणे, धोका ओळखणे, सारे बाळाच्या घरात, आईदेखत. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेले होते. त्यावरूनच २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा जाऊ लागल्या. एवढ्या जबाबदारीच्या कामाला आजही वेतन नाही, ‘मोबदला’ आहे. बाळ रुग्णालयातून सुटले की आईने पाहिलेले, परिचारिकेने नोंदवलेले आणि आशाताईने पुढे पाहायचे, हे एकाच कागदावर असावे आणि तो कागद आईपाशी राहावा, एवढी साधी गोष्टही बऱ्याच ठिकाणी होत नाही.

आपल्या तालुका शाखांनी करण्याजोगे काम अवघड नाही. प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत २०१७ ची मार्गदर्शिका टेबलावर ठेवून विचारावे, की नवजात कक्षात आईबापांना कोणत्या वेळी प्रवेश आहे, त्यांना शिकवण्याचे काम कोणाकडे आहे, रात्रपाळीला किती बाळांमागे किती परिचारिका आहेत, आयांसाठी शौचकूप आणि झोपायची जागा कुठे आहे. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. बैठकीला जाण्यापूर्वी परिचारिकांच्या संघटनेला भेटावे. त्यांच्याविरुद्ध तक्रार घेऊन नव्हे, त्यांच्यासोबत जावे.

त्या दिवशी परिसेविकेने आपल्या जोखमीवर दार उघडले आणि त्या बाईला हात धुवायला लावून आत नेले. दहा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा वाटी रिकामी होती. सोबत्याला भेटून परतताना ती पुन्हा त्याच पायरीवर दिसली. “बघितलं का बाळाला?” मी विचारले. “बघितलं,” ती म्हणाली, “डाव्या अंगाला टेकून निजतंय. सिस्टरला सांगितलं तसं. त्यांनी लिवून घेतलं.”